माल्टाचे गीतकार दुन कार्म

भूमध्य समुद्रांत, सिसिली बेटाच्या दक्षिणेस, माल्टा नांवाचें एक लहानसें राष्ट्र आहे. त्याचें क्षेत्रफळ अवघें ३१६ चौरस किलोमीटर. म्हणजे मुंबई शहर व उपनगरें मिळून जेवढा विस्तार होतो, त्याच्या सुमारें निम्मेंच. प्रेषित पौल रोमकडे जात असतां त्याचें तारूं फुटून तो ज्या बेटास लागला, तें हेंच, असें परंपरेनें मानण्यांत येतें. या चिमुकल्या भूमीवर अरब, नॉर्मन, संत योहानाच्या संघाचे सरदार, फ्रेंच आणि इंग्रज अशा अनेकांनीं राज्य केलें. राज्यकर्ते आले आणि गेले. लोकांच्या मुखांतील बोली मात्र टिकून राहिली. ही माल्टी बोली मूळची अरबीची कन्या असून तींत इटालियन शब्दांची पुष्कळ भर पडलेली आहे. ती रोमन लिपींत लिहिली जाते. तेथील ख्रिस्ती लोक प्रार्थना करतांना देवास ‘अल्ला’ याच नांवानें हांक मारतात, हें ऐकून आमच्या विद्यार्थ्यांस नवल वाटेल. ज्या सत्पुरुषानें या बोलीस काव्याच्या आसनावर बसविलें, त्याचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

कार्मेल साइला यांचा जन्म ता. १८ आक्टोबर १८७१ रोजीं माल्टा बेटांतील झेब्बूज या गांवीं झाला. माल्टी भाषेचा पहिला मोठा पुरस्कर्ता मिकील आन्तोन व्हासाली हाही याच गांवचा. त्यानें १७९६ सालीं या भाषेचा कोश प्रसिद्ध केला होता. परंतु त्यानंतर शंभर वर्षें उलटलीं तरी सुशिक्षितांच्या मनांतील तिच्याविषयींचा अनादर गेला नव्हता. न्यायमंदिरांत, विद्यालयांत व प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यांत इटालियन भाषा चाले. सरकार इंग्रजांचें असल्यामुळें इंग्रजीचेंही महत्त्व वाढत होतें. माल्टी भाषा उरली ती स्वयंपाकघरांत, शेतांत आणि कोळ्यांच्या होड्यांत.

साइला यांचें शिक्षण धर्मगुरूंच्या पाठशाळेंत व पुढें माल्टाच्या विद्यापीठांत झालें. १८९४ सालीं त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली. माल्टांत धर्मगुरूच्या नांवापूर्वीं ‘दुन’ हें आदरार्थी पद लावतात. म्हणून सारा देश त्यांस दुन कार्म याच नांवानें ओळखूं लागला. १८९५ पासून १९२१ पर्यंत त्यांनीं आपल्या पाठशाळेंतच अध्यापन केलें. लॅटिन, इटालियन, इंग्रजी, अंकगणित, भूगोल, ख्रिस्तमंडळीचा इतिहास असे नाना विषय त्यांनीं शिकविले. फावल्या वेळांत ते काव्यरचना करीत. परंतु ती सारी इटालियन भाषेंत. १८९६ व १९०३ या सालीं त्यांचे इटालियन कवितांचे संग्रह निघाले आणि विद्वानांत त्यांची वाहवा झाली. १९०९ सालीं त्यांची आई निवर्तली. हा घाव त्यांच्या अंतःकरणांत खोल गेला व एकांतप्रिय असलेले दुन कार्म अधिकच एकाकी झाले.

अशा स्थितींत १९१२ साल उजाडलें. मोन्सिन्योर पॉल गालेया आणि माल्टी लेखक जुझे मुस्कात आत्सोपार्दी यांनीं ‘इल-हबीब’ नांवाचें माल्टी पत्र काढण्याचें योजिलें व आपल्या भाषेंत एखादी कविता द्यावी अशी दुन कार्म यांस विनंति केली. कवीचें वय त्या वेळीं चाळिशीच्या घरांत होतें. नांवलौकिक मिळालेल्या मनुष्यास नवी वाट धरणें सोपें नसतें. जी भाषा पंडितांच्या सभेंत बोलण्यास लोक लाजतात, तींत लिहून आपली कीर्ति कां पणास लावावी, असा विचार एखाद्या दुसऱ्यानें केला असता. दुन कार्म यांनीं विनंति मान्य केली. मरियेच्या प्रतिमेसमोर उभें राहून केलेली ही त्यांची पहिली माल्टी कविता पत्राच्या आरंभींच छापली गेली. तेव्हांपासून त्यांच्या प्रतिभेचा ओघ मातृभाषेकडे वळला. इटालियनविषयींचें त्यांचें प्रेम कमी झालें नाहीं. त्या भाषेंत घडलेलें वृत्तांचें व रचनेचें कौशल्य त्यांनीं माल्टीच्या ओटींत घातलें. सुनीतासारखा बांधेसूद काव्यप्रकार या बोलींत डौलानें उभा राहूं शकतो, हें त्यांनीं प्रत्यक्ष करून दाखविलें. शब्द निवडतांना ते उसने शब्द होतां होईल तों टाळीत आणि शेतकऱ्याच्या तोंडीं असलेले जुने शब्द वेंचून घेत.

१९१३ सालीं माल्टांत प्रभुभोजनाच्या संस्काराप्रीत्यर्थ आंतरराष्ट्रीय धर्मपरिषद भरली. तिच्याकरितां दुन कार्म यांनीं रचलेलें उपासनागीत देवळादेवळांतून गाइलें जाऊं लागलें. ज्यांस अक्षरओळख नव्हती, त्यांच्याही ओठांवर या कवीचे शब्द जाऊन बसले.

१९२१ सालीं सव्वीस वर्षांचा शाळेचा सहवास सुटला व दुन कार्म ग्रंथालयाच्या सेवेंत गेले. याच सुमारास त्यांच्या हातून तें काम घडलें, ज्यामुळें त्यांचें नांव अमर झालें. प्राथमिक शाळांचे प्रमुख डॉ. लाफेर्ला यांजजवळ डॉ. रोबेर्ट सामूत या वैद्यानें रचलेली एक सुंदर चाल होती. तिला शब्द मिळावे व शाळेंतील मुलांनीं तें गीत म्हणावें, अशी त्यांची इच्छा होती. १९२२ सालीं त्यांनीं दुन कार्म यांस तें रचावयास सांगितलें. आधीं चाल आणि मग शब्द, हें काम अवघड. कारण शब्दांचा आघात सुरांच्या आघाताशीं जुळावा लागतो.

देशांतील वातावरण त्या वेळीं तापलेलें होतें. १९१९ सालच्या दंगलींत सैनिकांच्या गोळीबारानें चार माणसें प्राणांस मुकलीं होतीं. १९२१ सालीं कांहीं अंशीं स्वराज्य मिळालें; पण इटालियनचे अभिमानी व इंग्रजीचे अभिमानी असे पक्ष परस्परांशीं भांडत होते. अशा वेळीं रणगीत लिहिलें असतें, तर एका पक्षानें तें उचललें असतें व दुसऱ्यानें धिक्कारिलें असतें. दुन कार्म यांनीं प्रार्थना लिहिली. या मधुर भूमीचें देवानें आजवर रक्षण केलें तसेंच पुढेंही करावें; राज्य करणाऱ्यास सुबुद्धि, धन्यास दया व कष्टकऱ्यास बळ द्यावें; आणि लोकांत ऐक्य व शांति नांदवावी, एवढेंच मागणें तींत आहे. कोणाचा द्वेष नाहीं कीं जयाचा गर्व नाहीं. इटालियनमधून उसना घेतलेला शब्दही तींत सांपडत नाहीं. शाळेंतील मुलांसाठीं रचलेलें हें गीत मुलांच्या मुखांतून घरोघरीं गेलें. ता. २१ सप्टेंबर १९६४ रोजीं माल्टा स्वतंत्र झाला, तेव्हां नव्या राज्यघटनेनें त्यालाच राष्ट्रगीत ठरविलें.

दुन कार्म केवळ कविता करून थांबले नाहींत. माल्टी लेखकांच्या संघाचे ते १९२७ सालीं अध्यक्ष झाले व त्याच्या ‘इल-माल्टी’ या नियतकालिकाचें संपादन त्यांनीं १९४२ पर्यंत केलें. याच संघानें ठरविलेल्या लेखनपद्धतीस १९३४ सालीं सरकारी मान्यता मिळाली व माल्टी ही राजभाषा झाली. १९३८ सालीं त्यांचें दीर्घ चिंतनपर काव्य प्रसिद्ध झालें. श्रद्धा व शंका यांच्या झगड्याचें त्यांत प्रांजळ चित्रण आहे. पंचाहत्तरी ओलांडल्यावर, १९४७ ते १९५५ या काळांत, त्यांनीं मोठा इंग्रजी-माल्टी कोश प्रकाशित केला. १९४५ सालीं विद्यापीठानें त्यांस सन्मान्य डॉक्टरची पदवी दिली. ता. १३ आक्टोबर १९६१ रोजीं, नव्वदावें वर्ष पुरें होण्यास पांच दिवस उरले असतां, त्यांनीं देह ठेविला. आपलें गीत स्वतंत्र राष्ट्राचें गीत झालेलें पाहण्यास ते राहिले नाहींत.

विद्यार्थीमित्रांनो, या चरित्रांत लढाया नाहींत, साहसाचे प्रवास नाहींत. एक शिक्षक, एक ग्रंथपाल, एक साधा धर्मगुरु, एवढाच हा मनुष्य. परक्या भाषांचें ज्ञान त्यानें मनापासून मिळविलें आणि त्या ज्ञानाचें धन आणून आईच्या भाषेच्या पदरांत टाकिलें. आपणही इंग्रजी शिकावी, आणखी चार भाषा शिकाव्या. परंतु ज्या भाषेंत आईनें आपणांस निजविलें, तींत चार ओळी शुद्ध व गोड लिहितां येऊं नयेत, हें भूषण नव्हे. पालकांनींही घरीं मुलांशीं बोलतांना याचा विचार करावा. लहान मुलांसाठीं मन लावून केलेलें छोटेंसें काम पुढें केवढें मोठें होईल, हें आज कोणास सांगतां येणार आहे?