दीड डॉलरची शाळा

कॉलेजात शिकत असताना मी संध्याकाळी एका छापखान्यात प्रुफे तपासण्याचे काम करीत असे. फीची तेवढीच सोय होई. पण ही गोष्ट वर्गमित्रांना कळू नये म्हणून मी फार जपत असे. शिकता शिकता काम करावे लागणे म्हणजे काहीतरी उणेपणा, अशी माझी समजूत होती. पुढे मेरी मॅक्लाउड बेथ्यून या अमेरिकन कृष्णवर्णीय शिक्षिकेचे चरित्र वाचनात आले आणि त्या समजुतीची मला लाज वाटली.

मेरीचा जन्म १० जुलै १८७५ रोजी दक्षिण कॅरोलिना राज्यात मेजव्हिल गावाजवळ झाला. १७ भावंडांत ती १५वी. आईवडील दोघेही पूर्वी गुलाम होते. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण तिच्या मागे उरलेले दारिद्र्य संपले नव्हते. लहानगी मेरी शेतात कापूस वेचीत असे. जवळपास मिशनची शाळा निघाली तेव्हा ती मैलोगणती पायी चालत शाळेत जाऊ लागली आणि तिथे शिकलेले घरच्यांना शिकवू लागली. दूर डेन्व्हर शहरातील, शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने दिलेल्या मदतीवर तिचे पुढचे शिक्षण झाले. आफ्रिकेत मिशनरी म्हणून जावे अशी तिची फार इच्छा होती. परंतु कृष्णवर्णीयांसाठी तिथे जागा नाही, असे उत्तर आले. असल्या उत्तराशी तिला पुढे जन्मभर झुंजावे लागले.

३ ऑक्टोबर १९०४ रोजी फ्लोरिडातील डेटोना येथे बेथ्यूनबाईंनी मुलींची शाळा काढली. जवळ अवघा दीड डॉलर, पाच मुली आणि स्वतःचा लहान मुलगा. खोक्यांची बाके केली, जळक्या लाकडांच्या पेन्सिली केल्या, फळांच्या रसाची शाई केली. रताळ्याचे गोड पदार्थ करून विकले आणि त्या पैशांतून जमीन घेतली. तीही गावाचा कचरा टाकण्याची. लिहिण्यावाचण्याबरोबर पोट भरता येईल असे काम प्रत्येक मुलीला आले पाहिजे, हा बाईंचा आग्रह होता. १९११ मध्ये त्यांनी रुग्णालय सुरू केले आणि तिथे परिचारिका तयार होऊ लागल्या. १९२३ मध्ये ही शाळा मुलांच्या एका संस्थेशी जोडली गेली आणि तिचे पुढे महाविद्यालय झाले.

१९२९ नंतरच्या महामंदीत शहरोशहरी तरुण बेकार फिरू लागले. त्यांतही कृष्णवर्णीय तरुणांची दशा सर्वांत वाईट. कामावर घेताना त्यांचा नंबर शेवटी आणि काढताना पहिला. जून १९३५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी राष्ट्रीय युवक प्रशासन स्थापन केले. योजना साधी होती. शिकणाऱ्यांनी ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कचेरीत थोडे तास काम करावे व त्याचा मोबदला घ्यावा. हायस्कुलातील मुलाला महिन्याला सहा डॉलरपर्यंत मिळत. शाळा सुटलेल्यांना सार्वजनिक कामांवर तात्पुरती नोकरी आणि तिच्याबरोबर धंदेशिक्षण मिळे. पुढे त्यात यंत्रशाळेतील कामे व वेल्डिंगही आले.

या खात्याच्या सल्लागार मंडळावर बेथ्यूनबाई सुरुवातीपासून होत्या. १९३६ मध्ये कृष्णवर्णीय युवकांचे काम त्यांच्याकडे आले. कागदावर योजना सर्वांसाठी होती. पण अंमलबजावणी स्थानिक अधिकाऱ्यांच्या हाती. दक्षिणेत तर कृष्णवर्णीय मुलांना घरकाम आणि झाडलोट एवढेच शिकवावे, असा कल असे. बाई गावोगाव फिरल्या. कृष्णवर्णीयांना न्याय्य वाटा मिळावा, कुशल कामांचे शिक्षण मिळावे आणि राज्यांच्या कचेऱ्यांत त्यांची माणसे असावीत, हे त्यांनी लावून धरले. पदव्युत्तर शिक्षणासाठी त्यांनी वेगळा निधी मिळवला. त्यातून चार हजारांहून अधिक विद्यार्थी शिकले.

पण हात तयार झाले तरी कारखान्याचे दार उघडायला हवे. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत कृष्णवर्णीयांना घेत नसत. रँडॉल्फ या कामगार पुढाऱ्याने मोर्चाचा इशारा दिला, तेव्हा कुठे जून १९४१ मध्ये त्या भेदाला बंदी करणारा हुकूम निघाला. १९४३ मध्ये तर अमेरिकन काँग्रेसने हे युवक प्रशासनच गुंडाळले. तात्पुरते काम संपले. शिकलेला हुन्नर मात्र कुणाला काढून घेता आला नाही.

१८ मे १९५५ रोजी बाईंचे निधन झाले. अमेरिकेच्या संसदभवनात फ्लोरिडा राज्यातर्फे गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका सेनापतीचा पुतळा होता. २०२२ मध्ये त्याच्या जागी बेथ्यूनबाईंचा पुतळा बसवण्यात आला.

आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका हा मार्ग घालून दिला. या दोघांची कधी भेट झाली असती तर ओळख करून देण्याची गरज पडली नसती, असे मला नेहमी वाटते. आता माझ्या वर्गातला एखादा मुलगा, रात्री कामावर जातो म्हणून तास चुकला, हे खाली मान घालून सांगतो, तेव्हा मला तो छापखाना आठवतो. मी त्याला पहिल्यांदा, काम कुठले आणि त्यात शिकायला काय मिळते, एवढेच विचारतो. चुकलेला तास मग पुन्हा घेता येतो.