शेठ वालचंद हिराचंद : कुर्ल्याच्या मोटारींचे जनक

आपल्या बेटावरील काही तरुण नोकरीसाठी दुबईला जातात. तेथे दुबई मरीना नावाचा भाग आहे. समुद्राचे पाणी आत आणून, कालवा खोदून त्याच्या काठी उंच इमारती उभारल्या आहेत. तेथील रस्त्यांवर डॉज चॅलेंजर, फोर्ड मस्टँग अशा आठ सिलिंडरच्या अमेरिकन मोटारी गर्जना करीत धावतात. त्यांना मसल कार म्हणतात. यांतील डॉज हे नाव धारण करणाऱ्या गाड्या एके काळी मुंबईत कुर्ल्याला जोडल्या जात, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. तो कारखाना काढणाऱ्या शेठ वालचंद हिराचंद यांचा परिचय आज आम्ही वाचकांना करून देत आहोत.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे गुजराती जैन. धंदा सावकारीचा व कापसाचा. वालचंदांचे मन मात्र त्यात रमले नाही. लक्ष्मणराव फाटक या मराठी गृहस्थांबरोबर भागी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली. १९१९ साली सिंदिया कंपनीची लॉयल्टी बोट मुंबईहून लंडनला निघाली, तीत त्यांचा मोठा वाटा होता. रावळगाव व वालचंदनगर येथे त्यांनी माळरानावर ऊस पिकवून साखर कारखाने उभे केले. उसावर वाढलेल्या आपल्या लोकांना त्या कामाचे मोल सांगायला नको.

मोटारीचा कारखाना हे त्यांचे मोठे स्वप्न. त्यासाठी १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी जमले नाही. पुढे क्रायस्लर कंपनीशी करार झाला. याच प्रवासात परतताना विमानात एका अमेरिकन विमान-व्यावसायिकाची गाठ पडली आणि त्यातून १९४० मध्ये बंगळूरचा विमान कारखाना निघाला. मोटारींच्या कारखान्याला मात्र युद्धकाळात इंग्रज सरकारने साथ दिली नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

खरी अडचण पुढेच होती. मोटारीच्या पत्र्याला आकार देणारे साचे फार महाग असतात. गाड्या हजार काढा की लाख, साच्यांचा खर्च तोच. अमेरिकेत २०१८ या एका वर्षात ६६ हजारांहून अधिक चॅलेंजर विकल्या गेल्या. शिवाय २००८ ते २०२३ पर्यंत त्या गाडीचा मूळ सांगाडा फारसा बदलला नाही. एकदा साच्यांचा खर्च वसूल झाला, की प्रत्येक गाडीमागे नफा वाढतो. वालचंदांपुढे असे गिऱ्हाईक कोठे होते? भारतात मोटार घेऊ शकणारे मूठभर. म्हणून आधी अमेरिकेतून सुटे भाग आणून गाड्या जोडायच्या आणि मग एकेक भाग येथेच बनवायचा, अशी वाट कंपनीने धरली. जवळजवळ एकच गाडी डॉज, प्लिमथ व डी सोटो अशा तीन नावांनी विकली जाई.

पुढे कंपनीने इटलीच्या फियाटशी करार केला. छोटी, कमी पेट्रोल खाणारी गाडी भारतीय खिशाला परवडली. तोवर वालचंदांची प्रकृती ढासळली होती. १९५० मध्ये ते कामकाजातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. फियाटचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली व मुंबईची टॅक्सी म्हणून घरोघरी माहीत झाली. मात्र परवान्यांच्या राज्यात स्पर्धा नव्हती, गिऱ्हाईक वर्षानुवर्षे थांबे, आणि गाडी तशीच जुनी राहिली. १९८३ मध्ये मारुती आली तेव्हा त्याची किंमत मोजावी लागली. २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले आणि २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

वालचंदांनी मोटारीतला नफा फारसा पाहिला नाही. पण मोटार नुसती विकत घेण्यापेक्षा ती आपल्या गावात घडावी, हा त्यांचा आग्रह होता. त्या आग्रहातून कुर्ल्याच्या कित्येक घरांत चूल पेटली आणि हजारो हातांना हुन्नर मिळाला. आपल्या बेटावर मोटारी बोटीतूनच उतरतात. दुबईत गर्जणारी गाडी पाहून आपल्या मुलांनी ती चालवण्याची हौस जरूर धरावी. पण ती घडवते कोण आणि तिच्यातला पैसा जातो कोठे, हेही त्यांनी विचारावे, असे आम्हाला वाटते.