गमावलेलें वर्ष

परीक्षा जवळ आली कीं पुष्कळ घरांतून मुलांचें खेळणें प्रथम बंद होतें. शरीरास दिलेला वेळ म्हणजे अभ्यासांतून वजा झालेला वेळ, असा हिशेब त्यामागें असतो. तो कितपत खरा आहे, हें पाहण्यासाठीं लोकमान्य टिळकांच्या चरित्रांतील एका वर्षाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजीं रत्नागिरी येथें झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक. गणित व संस्कृत यांची गोडी मुलास त्यांनींच लावली. आई लहानपणींच गेली व १८७२ सालीं वडिलांचेंहि छत्र हरपलें. पुढल्याच वर्षीं टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत दाखल झाले. बुद्धि तीव्र, पण शरीर अगदींच किरकोळ! अशा पोरक्या मुलानें झटपट पदवी मिळवावी, असेंच कोणीहि म्हटलें असतें. त्यांनीं मात्र पहिलें वर्ष शरीर कमावण्यास वाहिलें. तालीम, कुस्ती, पोहणें, नाव वल्हविणें हाच नित्यक्रम झाला. परीक्षेंत ते नापास झाले. परंतु शरीर काटक बनलें. पुढें बी. ए. ला त्यांनीं पहिला वर्ग मिळविला व १८७९ सालीं ते एल्एल्. बी. झाले.

त्या वर्षाचें व्याज हातीं आलें तें तीन तपांनंतर. १९०८ सालीं राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली व ब्रह्मदेशांत मंडालेच्या तुरुंगांत ठेवण्यांत आलें. वय ५२, मधुमेह जडलेला, परका मुलूख, असह्य उन्हाळा. तेथेंच १९१०-११ च्या हिंवाळ्यांत त्यांनीं शिसपेन्सिलीनें 'गीतारहस्य' हा प्रचंड ग्रंथ लिहून काढला. १९१२ सालीं पत्नीच्या निधनाची वार्ता त्याच कोठडींत आली. तरीहि १९१४ सालीं सुटून आल्यावर ते पुन्हां कार्यास लागले, ते १ ऑगस्ट १९२० रोजीं मुंबईस देहावसान होईपर्यंत.

व्यायामानें नवी बुद्धि मिळते असें आम्ही म्हणत नाहीं. टिळकांची बुद्धि मूळचीच तीव्र होती. परंतु नियमित व्यायामानें झोंप चांगली लागते, मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो, चित्त एकाग्र होतें, आणि असलेली बुद्धि दीर्घकाळ राबूं शकते. यासाठीं विद्यार्थ्यांनीं वर्ष बुडविण्याचें कारण नाहीं. रोजचा एक तास पुरे. पालकांस मात्र आमची विनंति आहे कीं, परीक्षेच्या दिवसांतहि तेवढा तास मुलांकडून काढून घेऊं नये.