थॉमस स्टीफन्स

फादर थॉमस स्टीफन्स (अंदाजे इ.स. १५४९ – इ.स. १६१९) हे गोव्यात वास्तव्य केलेले इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक व मराठी कवी होते. बायबलमधील कथा मराठी ओवीत सांगणाऱ्या 'ख्रिस्तपुराण' या ग्रंथाचे ते कर्ते होत.

जीवन

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. राणी एलिझाबेथच्या काळात कॅथलिकांवर निर्बंध असल्याने ते रोमला गेले व १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाले. १५७९ साली ४ एप्रिलला लिस्बन सोडून ते २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. पुढील सुमारे ४० वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टी भागात काम केले. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी भारतीय भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य नोंदवले. विल्यम जोन्स यांनी तसे प्रतिपादन केले ते सुमारे २०० वर्षांनंतर.

ख्रिस्तपुराण

पोर्तुगीज सत्तेखाली नवख्रिस्ती लोकांना जुनी पुराणे वाचण्यास मनाई होती. ती उणीव भरून काढण्यासाठी स्टीफन्स यांनी हे काव्य रचले. त्याचे 'पहिले पुराण' (जुना करार) व 'दुसरे पुराण' (नवा करार) असे दोन भाग असून एकूण ओव्या सुमारे ११,००० आहेत. ग्रंथ १६१६ साली रोमन लिपीत छापला गेला. १६४९ व १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे प्रसिद्ध झाले.

हस्तलिखिते

सतराव्या शतकातील तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. तरीही हाताने नकलून घेतलेल्या प्रती, विशेषतः मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांत, टिकून राहिल्या. अशा हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती काढली.

लंडन येथे विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातील देवनागरी हस्तलिखित जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२० च्या दशकात अभ्यासकांच्या नजरेस आणले. त्यात रोमन प्रतींतील अनेक पोर्तुगीज व लॅटिन शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आढळतात. अ‍ॅबट यांनी देवनागरी पाठ मूळ मानला. इतर काही अभ्यासकांच्या मते तो नंतरचा संस्कार आहे. मूळ छापील प्रत हाती नसल्याने हा वाद अनिर्णित आहे.