पोटात बाळ आणि समोर आयगर

घरात कुणाला दिवस गेले की आपल्याकडे सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. जिना चढू नकोस, वाकू नकोस, प्रवास तर नकोच नको. दुसरीकडे शेतावर जाणारी आपलीच बहीण नवव्या महिन्यापर्यंत खुरपणी करते, तिला मात्र कुणी ‘बस गं जरा’ म्हणत नाही. गरोदर बाईने किती हालचाल करावी, हे ठरवायचं तरी कुणी? हा प्रश्न साऱ्या जगापुढे आणणाऱ्या एका बाईची ही कहाणी.

ॲलिसन हारग्रीव्ह्ज हे तिचं नाव. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात 17 फेब्रुवारी 1962 रोजी तिचा जन्म झाला. आईवडील दोघंही गणितात हुशार, ऑक्सफर्डला शिकलेले. लेकीनेही तिथेच जावं असं त्यांना वाटणं साहजिकच होतं. पण शाळेत असतानाच पोरीला कड्यांवर चढण्याचं वेड लागलं. अठराव्या वर्षी तिने घर सोडलं आणि वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या जिम बॅलार्डबरोबर ती राहू लागली. पुढे त्याच्याशीच लग्न केलं. त्याचं गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान होतं. दुकान सांभाळायचं आणि वेळ मिळाला की डोंगर गाठायचा, असे तिचे दिवस जाऊ लागले. 1986 मध्ये नेपाळमधलं कांगतेगा हे 6,779 मीटर उंचीचं शिखर तिने सर केलं.

1988 मध्ये तिला दिवस गेले. त्याच उन्हाळ्यात, सहाव्या महिन्याच्या सुमारास, तिने स्वित्झर्लंडमधल्या आयगर पर्वताची उत्तरेकडची बाजू चढून दाखवली. आयगर 3,967 मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. त्याची उत्तर भिंत तर दगड कोसळण्यासाठी आणि गिर्यारोहकांच्या मृत्यूंसाठी बदनामच. लोकांनी बोटं मोडली. तिचं म्हणणं साधं होतं. आपण गरोदर आहोत, आजारी नाही. ऑक्टोबरमध्ये टॉमचा जन्म झाला. 1991 मध्ये केट झाली.

मुलं झाल्यावरही तिचा डोंगर सुटला नाही. मात्र दिवस हलाखीचे आले. धंदा बुडाला, घर गेलं. 1993 मध्ये नवरा, दोन लहान मुलं आणि एक जुनी लँड रोव्हर गाडी घेऊन ती आल्प्सच्या पायथ्याशी मुक्कामाला गेली. जिम मुलांना सांभाळायचा, ही डोंगर चढायची. त्या एका हंगामात आल्प्समधल्या सहा प्रसिद्ध उत्तर भिंती तिने एकटीने सर केल्या. असं करणारी ती पहिलीच.

मग आलं 1995 साल. 13 मे रोजी ती एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. कृत्रिम प्राणवायू नाही, शेर्पांची मदत नाही, आपलं ओझं आपण वाहिलेलं. शिखरावरून तिने बिनतारी यंत्रावर निरोप दिला, तो आपल्या दोन मुलांसाठी. थोडेच दिवस घरी राहून ती जूनमध्ये पाकिस्तानातल्या के-टू शिखराकडे निघाली. एव्हरेस्टनंतर बरोबर तीन महिन्यांनी, 13 ऑगस्टच्या संध्याकाळी, ती 8,611 मीटरवर उभी होती. उतरताना भयंकर वादळ सुटलं आणि त्यात ती गेली. वय अवघं तेहेतीस. टॉम सहा वर्षांचा, केट चार. तिचा देह त्या डोंगरावरच राहिला.

त्यानंतर जे झालं, ते आपण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. कसली ही आई, असं वर्तमानपत्रांतून छापून आलं. त्या वादळाने एकूण सात जणांचा बळी घेतला, बाकीचे सहा पुरुष होते. ‘कसला हा बाप’ असं कुणाबद्दल छापलं गेलं नाही. मला स्वतःला तिचं धाडस पेलवत नाही. लहान लेकरं मागे ठेवून असा धोका पत्करावा का, यावर दोन मतं असतीलच. पण मग हा प्रश्न आईला आणि बापाला सारखाच विचारायला हवा ना?

आता मुद्द्याचं बोलू. तिने केलं म्हणून आपणही पोटुशी असताना डोंगर चढायचा का? मुळीच नाही. ती कित्येक वर्षं रोज कड्यांवर घाम गाळलेली बाई होती. उंचावर हवा विरळ होते, दर श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू कमी होतो आणि बाळाला तो आईच्या रक्तातूनच मिळत असतो. साधारण अडीच हजार मीटरच्या वर सवय नसलेल्या धडधाकट माणसालाही डोकेदुखी, मळमळ, धाप लागू शकते. तिबेटी बायकांची बाळं उंचावरही चांगली भरतात, कारण त्यांचं शरीर शेकडो पिढ्यांपासून त्या हवेला सरावलंय. बाहेरून तिथे जाऊन राहिलेल्या बायकांची बाळं वजनाला कमी भरतात. अमरनाथ यात्रेला सहा आठवड्यांहून पुढच्या गरोदर बाईची नोंदणी होत नाही, ती याच काळजीपोटी. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, लेहही तेवढंच. देव कुठे पळून जात नाही, बाळंतपण होऊ द्या, मग जा.

पण म्हणून नऊ महिने गादीवर पडून राहायचं का? तेही नको. तब्येत ठीक असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, बेताचं चालणं चांगलं. चालताना बोलता येईल इतपतच वेग ठेवायचा. पडण्याची भीती असेल असं काही करायचं नाही. रक्तस्राव, चक्कर, छातीत दुखणं, पोटात कळा किंवा अंगावरून पाणी जाणं, यातलं काहीही झालं की थांबायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

पोटात असताना आयगर चढलेला टॉम मोठा होऊन गिर्यारोहकच झाला. आईने ज्या सहा भिंती उन्हाळ्यात सर केल्या, त्याच डोंगरांच्या उत्तर भिंती त्याने 2014-15 च्या एकाच हिवाळ्यात एकट्याने सर केल्या. 2019 मध्ये, तिसाव्या वर्षी, नंगा पर्वतावर तोही गेला. मायलेक दोघंही डोंगरांवरच्या बर्फात निजले आहेत.

ॲलिसनची वाट आपली नसेल. पण गरोदर बाई म्हणजे काचेचं भांडं नव्हे आणि कामाचा बैलही नव्हे, एवढं तरी आपण आपल्या सुनेच्या, लेकीच्या बाबतीत लक्षात ठेवूया. तिला काय झेपतं, ते आधी तिलाच विचारा, मग डॉक्टरांना. शेजारणीचा नंबर त्यानंतरचा.