चांद्याच्या जंगलात लोखंड शोधणाऱ्या दोराबजी टाटांनी कॅन्सरसाठी तिजोरी का उघडली?

गोष्ट आहे १९०४ च्या आसपासची.

तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात, एक श्रीमंत पारशी माणूस तंबू ठोकून लोखंडाचे दगड शोधत फिरत होता. सोबत सी. एम. वेल्ड नावाचे अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ होते.

हा माणूस म्हणजे जमशेटजी टाटांचा थोरला मुलगा, दोराबजी.

लोहाऱ्याला दगड चांगला निघाला, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतका नव्हता. वरोऱ्याचा कोळसाही पोलादाच्या भट्टीत चालणारा नव्हता. शेवटी चांद्याचा नाद सोडावा लागला. हे सरकारी अधिकाऱ्यांना सांगायला दोराबजी नागपूरला गेले आणि तिथल्या म्युझियममध्ये त्यांना एक रंगीत नकाशा दिसला. त्यावर दुर्ग भागात लोखंडाच्या खुणा होत्या. शोध पुन्हा सुरू झाला आणि पुढे मयूरभंजपर्यंत पोहोचला.

जमशेटजी मे १९०४ मध्ये वारले. १९०७ मध्ये दोराबजींनी टाटा स्टीलची स्थापना केली आणि १९१२ मध्ये साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद तयार झालं.

या सगळ्या काळात त्यांच्या सोबत होत्या पत्नी मेहेरबाई. त्या साडी नेसून टेनिस खेळायच्या. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही उतरल्या. बालविवाहाविरुद्धच्या शारदा कायद्यासाठी त्यांनी काम केलं. त्यांच्याकडे २४५ कॅरेटचा ज्युबिली हिरा होता. १९२४ मध्ये टाटा स्टीलकडे पगाराचेही पैसे उरले नाहीत, तेव्हा दोराबजींनी आपली सगळी संपत्ती आणि मेहेरबाईंचे दागिने तारण ठेवले, त्यात हा हिराही होता. बँकेनं १ कोटीचं कर्ज दिलं आणि कंपनी तगली.

पण १९३१ मध्ये जे संकट आलं, त्यावर तारण ठेवून काही मिळणार नव्हतं.

मेहेरबाईंना ल्युकेमिया, म्हणजेच रक्ताचा कॅन्सर झाला होता.

आपलं रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. ल्युकेमियात तिथं बिघडलेल्या पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते. त्या जंतूंशी लढत नाहीत, उलट चांगल्या पेशींची जागा अडवतात. लाल पेशी कमी पडल्या की थकवा येतो, प्लेटलेट्स घटल्या की रक्तस्राव होतो आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विरशॉ यांनी १८४० च्या दशकात या आजाराला नाव दिलं, त्याचा अर्थच पांढरं रक्त असा होतो. मात्र त्यानंतर ८० वर्षं उलटली तरी डॉक्टरांच्या हातात आर्सेनिक आणि एक्स-रे एवढंच होतं. त्यानं काही काळ आराम पडायचा, आजार बरा व्हायचा नाही.

१८ जून १९३१ ला वेल्समधल्या एका नर्सिंग होममध्ये मेहेरबाई गेल्या. वय होतं ५१.

या जोडप्याला मूलबाळ नव्हतं. दोराबजींनी १९३२ मध्ये पत्नीच्या नावानं लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला. त्यातला बहुतांश पैसा ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी होता आणि संशोधक कोणत्या देशाचा आहे याची अट नव्हती. त्याच वर्षी बाकीची संपत्तीही त्यांनी दुसऱ्या ट्रस्टला देऊन टाकली. मग इंग्लंडमध्ये पत्नीच्या समाधीकडे जायला निघाले. वाटेत जर्मनीतच, ३ जून १९३२ ला त्यांचा मृत्यू झाला. वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

गंमत म्हणजे, पुढे सापडलेल्या औषधाचा एक धागा मुंबईतच होता. मेहेरबाई गेल्या त्याच जून महिन्यात लुसी विल्स या इंग्लिश डॉक्टरांचा शोधनिबंध छापून आला. मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांमधला एक प्रकारचा ॲनिमिया यीस्टच्या अर्कानं बरा होतो, हे त्यांनी दाखवलं होतं. अर्कातला तो घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांच्या लक्षात आलं की फॉलिक ॲसिड दिलं की ल्युकेमिया वाढतो. मग त्यांनी उलटा विचार केला. ते अडवणारी औषधं भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमनं बनवली आणि १९४८ मध्ये पहिल्यांदा लहान मुलांचा ल्युकेमिया औषधानं काही काळ मागे हटल्याचं जगासमोर आलं.

तोवर दोराबजींच्या ट्रस्टनं परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं होतं. २८ फेब्रुवारी १९४१ ला ते सुरू झालं. ज्युबिली हिरा विकून आलेला पैसाही ट्रस्टकडेच गेला होता. १९६२ मध्ये हे हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे आलं. त्या खात्याचे प्रमुख होते होमी भाभा, मेहेरबाईंचे सख्खे भाचे.

चंद्रपूर-गडचिरोलीत आज खर्रा घरोघरी पोहोचलाय आणि त्यासोबत तोंडाचा कॅन्सरही. आजार निघाला की नागपूर किंवा मुंबई गाठायची, हा इथल्या कुटुंबांचा वर्षानुवर्षांचा अनुभव. ही पायपीट कमी व्हावी म्हणून चंद्रपुरातच कॅन्सर हॉस्पिटल उभारण्यासाठी टाटा ट्रस्ट्स, राज्य सरकार आणि जिल्ह्याचा खनिज निधी एकत्र आले. जिथून दोराबजी हात हलवत परतले होते, त्याच जिल्ह्याच्या खाणींचा पैसा आता कॅन्सरच्या उपचारांसाठी वापरला गेलाय.