यशवंतराव होळकर आणि फुटलेली बंदूक

धार आणि देवास ही माळव्यातील दोन्ही संस्थाने पवारांची. इंदूरहून पश्चिमेस निघाले की सुमारे साठ किलोमीटरांवर धारचा तांबूस दगडाचा किल्ला दिसतो, आणि ईशान्येस जावे तर त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक अंतरावर देवासची टेकडी लागते. धारच्या किल्ल्यात इ. स. १७७५ च्या जानेवारीत आनंदीबाईंच्या पोटी दुसरे बाजीराव पेशवे जन्मले. पुढे बरोबर तेवीस वर्षांनी त्याच धारमध्ये एक तरुण मराठा सरदार आश्रयाला येऊन राहिला. त्याने या बाजीरावांना दिवाळीच्या दिवशी पुणे सोडावयास लावले. त्या तरुणाचे नाव यशवंतराव होळकर.

यशवंतरावांचा जन्म ३ डिसेंबर १७७६ रोजी पुणे प्रांतातील वाफगाव येथे झाला. ते तुकोजीराव होळकरांचे पुत्र, परंतु विवाहित स्त्रीचे नव्हेत. काशीराव व मल्हारराव हे औरस, तर यशवंतराव व विठोजी यांना वारसाहक्क नव्हता. शिक्षण मात्र त्यांस चांगले मिळाले होते. मराठीबरोबर फारसीही ते उत्तम लिहीत, हिशेबात पक्के होते, आणि घोड्यावर बसून भाला फेकण्यात त्यांचा हात धरणारा विरळा.

१७९७ च्या ऑगस्टात तुकोजीराव वारले आणि महिन्याच्या आतच, १४ सप्टेंबर रोजी, दौलतराव शिंद्यांच्या फौजेने पुण्यात मल्हाररावांच्या गोटावर हल्ला करून त्यांस ठार केले. यशवंतराव निसटले ते नागपूरला गेले. रघूजी भोसल्यांनी त्यांना आधी ठेवून घेतले आणि मग कैदेत टाकले. तेथून १७९८ च्या एप्रिलात ते पळाले आणि फिरत फिरत धारला आले. आनंदराव पवार हे स्वतः शिंद्यांच्या दडपणाखाली दबलेले, शिवाय त्यांचा कारभारी रंगराव त्यांच्यावर उलटलेला. यशवंतरावांनी ते बंड मोडण्यास साह्य केले. परंतु दौलतरावांचा धाक असा की, उपकारकर्त्यास घरात ठेवणेही पवारांस झेपेना. थोडी रक्कम आणि काही घोडी देऊन त्यांनी पाहुण्याला निरोप दिला. होळकरांचे पुढचे सारे राज्य या एवढ्याशा शिदोरीवर उभे राहिले, हे मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत नवलाचे वाटते.

याच उमेदवारीच्या काळात त्यांच्यावर तो अपघात ओढवला. तोड्याची बंदूक फुटली आणि त्यांचा एक डोळा कायमचा गेला.

बंदूक फुटते कशी, हे आजच्या मुलांना ठाऊक असण्याचे कारण नाही. तोड्याच्या बंदुकीची नळी लोखंडाची पट्टी सळईभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून सांधलेली असे. नळीच्या मागील टोकाशी उजव्या अंगास एक बारीक भोक असे. त्याला कान म्हणत. कानाबाहेरच्या छोट्या वाटीत रंजक, म्हणजे बारीक दारू, घालावयाची, जळत्या दोरीचे टोक तिला लावावयाचे, की आतील दारू पेट घेई. ही सारी आग नेम धरणाऱ्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर! नळीचा सांधा कच्चा असेल, दारू प्रमाणाबाहेर पडली असेल, किंवा गोळी दारूला टेकेपर्यंत न ठासता मध्येच अडकून राहिली असेल, तर धूर तोंडाने बाहेर न पडता नळीच फाडून निघे.

म्हणून जाणता शिपाई बंदूक घेताना प्रथम नळीतून उजेडाकडे पाहत असे. आतला प्रकाश गोल व अखंड दिसला तर नळी सरळ. कोठे सावली पडली तर वाक किंवा खड्डा. कान रुंद झाला आहे का, तेही पाहिले जाई, कारण रुंद कानातून आग मागे येते. त्यानंतर नेमाची पाळी. मागे खाच असलेला उंचवटा आणि पुढे तोंडाशी बारीक माशी. खाचेतून माशी आणि माशीवर लक्ष्य, अशी तीन वस्तूंची एक रेघ जुळली की नेम जमला. माशी धक्क्याने जराशी वाकली तरी जवळ केसभर असलेली चूक शंभर हातांवर वीतभर होते. शाळेत आपण रोज जो शिस्त हा शब्द ऐकतो, तो जुन्या मराठीत बंदुकीच्या या नेमासाठीही वापरीत.

बंदूक उडविल्यानंतरची निगा तर त्याहून महत्त्वाची. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळल्यावर नळीत जो मळ राहतो तो खारट असतो आणि हवेतील ओल ओढून घेतो. माझ्यासारख्या किनाऱ्यावर वाढलेल्या कोकणी माणसास खाऱ्या ओलीने लोखंडाचे काय होते ते कोणी सांगावे लागत नाही. गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून, तेलाचा बोळा फिरविला नाही, तर गंज आतून धातू खातो. बाहेरून चकचकीत दिसणारी नळी मग एखाद्या दिवशी दगा देते. यशवंतरावांची बंदूक यांपैकी कोणत्या दोषाने फुटली याची नोंद नाही. मोहिमेच्या धावपळीत मात्र हे सर्वच दोष सहज घडणारे.

नेम धरताना माणूस एक डोळा मिटतोच, तेव्हा एका डोळ्याने नेमास बाध येत नाही. अडचण येते ती अंतर ओळखण्यात, विशेषतः जवळच्या वस्तूचे. हातघाईच्या लढाईत समोरच्या भाल्याचे टोक किती दूर आहे ते दोन डोळे एकत्र पाहूनच चटकन कळते. असे असूनही २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, हडपसरजवळच्या रणात पेशवे व शिंदे यांच्या तोफांवर यशवंतराव स्वतः घोडा घालून गेले आणि त्यांनी लढाई जिंकली. आदल्या वर्षी त्यांचे बंधू विठोजी यांस बाजीरावांनी पुण्यात हत्तीच्या पायी दिले होते. बाजीराव पळाले आणि डिसेंबराच्या अखेरच्या दिवशी वसईस इंग्रजांशी तह करून बसले.

यशवंतरावांचा खरा धडा मात्र हडपसरचा नव्हे, इंदूरचा. १८०१ च्या जुलैत उज्जैनजवळ त्यांनी शिंद्यांच्या पलटणी मोडल्या, आणि ऑक्टोबरात इंदूरपाशी त्यांचा स्वतःचा पराभव होऊन तोफा गेल्या, राजधानी लुटली गेली. घोडेस्वारी कितीही शूर असली तरी कवायती पायदळ व तोफखाना यांच्याशिवाय टिकाव नाही, हे त्यांस तेव्हाच उमगले असावे. १८०४ मध्ये कर्नल मॉन्सन मुकुंदरा घाटातून आग्र्याकडे मागे हटू लागला, तेव्हा पावसाळ्याच्या चिखलात रुतलेल्या तोफांच्या कानांत खिळे ठोकून त्या त्याला टाकून द्याव्या लागल्या. परंतु त्याच वर्षी दिल्लीचा वेढा फसला, नोव्हेंबरात डीग व फर्रुखाबाद येथे हार झाली. १८०५ च्या आरंभी लेकचे चार हल्ले भरतपूरच्या तटावर फुकट गेले. तरी भरतपूरकरांनी अखेर इंग्रजांशी तह केला. यशवंतराव पंजाबात गेले, आणि २४ डिसेंबर १८०५ रोजी बियास नदीकाठी राजघाट येथे त्यांनीही तह केला.

तेथून परतल्यावर भानपुरा येथे त्यांनी तोफा ओतण्याचा कारखाना घातला. भट्टीपाशी ते स्वतः उभे राहत आणि कारागिरांबरोबर हातही लावीत. तोफेची मिश्र धातू म्हणजे सुमारे नऊ भाग तांबे व एक भाग कथील. कथील कमी पडले तर तोफ मऊ होऊन तिचे छिद्र गोळ्यांनी लवकर झिजते, अधिक झाले तर ती ठिसूळ होऊन तडकते. नेमाचीही एक मेख आहे. तोफ मागे जाड आणि तोंडाशी बारीक, म्हणून तिच्या पाठीवरून सरळ पाहिले तर छिद्र त्या रेघेत नसते, किंचित वर रोखलेले असते. जवळच्या लक्ष्यावर अशा नेमाने मारलेला गोळा डोक्यावरून जातो. हा फरक ध्यानी ठेवून मागच्या टोकाखालची पाचर कमीजास्त सरकवावी लागे. बंदुकीने ज्याचा डोळा नेला, त्याने अखेरची वर्षे अशा कामात रात्रंदिवस घालवावी, यात जिद्द होती आणि थोडासा उन्मादही.

तो उन्माद १८०८ मध्ये खरोखरीच प्रकट झाला. अतिश्रम, मद्य आणि मनस्ताप यांनी त्यांची बुद्धी गेली. पुतण्या खंडेराव आणि भाऊ काशीराव यांच्या मृत्यूंचा दोषही समकालीनांनी त्यांच्याकडेच दिला. तो चरित्रकाराने झाकू नये. धार आणि देवास यांचे या काळात काय झाले तेही सांगितले पाहिजे. शिंदे, होळकर आणि पेंढारी यांच्या टोळ्यांनी पवारांचा मुलूख आळीपाळीने लुटला. ज्या धारने यशवंतरावांस घोडी दिली ती धारही त्यातून सुटली नाही.

२८ ऑक्टोबर १८११ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, भानपुरा येथे यशवंतराव निवर्तले. तेथे त्यांची छत्री आहे. त्यांनी उभारलेल्या तोफखान्याची शेवटची मोठी लढाई २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे झाली. होळकरांच्या गोलंदाजांनी नदी उतरणाऱ्या इंग्रज फौजेची जवळजवळ पावणेआठशे माणसे मारली वा जखमी केली. लढाई मात्र हरली, आणि तोफा शत्रूच्या हाती पडल्या. दोन आठवड्यांनी मंदसोरचा तह झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस देवासने आणि १८१९ च्या आरंभी धारने इंग्रजांशी आपापले करार केले.